पाठीवरचे सात ठिपके

मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यातला एक जुना पितळी बिल्ला आहे. गोल, दोन बोटं रुंद, वर कडीसाठी भोक आणि तोंडावर ठसठशीत आकडा, चारशे बारा. एवढ्याशा बिल्ल्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून एका पोरीचा जीव टांगणीला लागला होता. मी काही केलं नव्हतं, नुसता लटकत होतो. पण मनाला खातं ते खातंच.

कोल्हापुरातल्या एका भांड्यांच्या कारखान्यात उरलेल्या पत्र्यातून मला कापलं. मग खोक्यात भरून आम्हा भावंडांची वरात निघाली ती पालिकेच्या कचेरीत. तिथल्या खिडकीमागे हंबीरराव नावाचे कारकून बसायचे. जाड भिंगाचा चष्मा आणि आवाज असा, की साधं 'या' म्हटलं तरी माणूस दचकावा. कुत्रा पाळायचा तर परवाना पाहिजे, आणि परवाना पाहिजे तर आधी रेबीजची लस टोचल्याचा डॉक्टरांचा दाखला पाहिजे, हा नियम. तो दाखला दोनदा वाचल्याशिवाय हंबीरराव बिल्ल्याला हात लावत नसत. लस दरवर्षी, परवानाही दरवर्षी नवा. तो मिळाला किंवा नवा झाला की हंबीरराव बिल्ला उलटा करत, पाठीवर खिळा टेकवत आणि हातोडीचा एक टोला देत. एक ठिपका म्हणजे लस टोचलेलं एक वर्ष. टोला लागला की जीव कळवळायचा, पण तो मानाचा टोला होता.

मला घेऊन गेले ते गंगावेशीतले अण्णासो. म्हशीवाले. संध्याकाळी म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर आणायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा त्यांच्या घराचा पिढीजात धंदा. त्यांच्या कुत्र्याचं नाव वस्ताद. मला हातात देताना हंबीरराव म्हणाले, "अण्णासो, बिल्ला ह्या कुत्र्याचा हाय. ह्येच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात जायाचा न्हाय. कुत्रं गेलं की मला परत आणून द्यायचा. काय?"

"देतो की," अण्णासो म्हणाले.

सात वर्षं मी वस्तादच्या गळ्यात होतो, आणि काय सांगू तुम्हाला, सुखाची वर्षं होती ती! वस्ताद कधी साखळीशिवाय रस्त्यावर आला नाही, कधी कुणावर धावला नाही. दुधाच्या घागरीशेजारी बसायचा आणि मांजर जवळ आलं तर नुसतं बघायचा. कुणी परगावचं गिऱ्हाईक बिचकलं, की अण्णासो हाक मारायचे, "पावणं, भिऊ नका. बिल्ल्याचं कुत्रं हाय!" मग पाहुणा माझ्याकडे बघायचा आणि बिनघोर दूध प्यायचा. मला भारी वाटायचं. दरवर्षी अण्णासो आठवणीनं लस टोचून आणायचे आणि माझ्या पाठीवर एक ठिपका वाढायचा. पण पाठ वस्तादच्या केसांत दडलेली. लोकांना दिसायचं ते माझं तोंड.

वस्ताद म्हातारा होऊन गेला, झोपेतच. अण्णासो दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांनी मला भिंतीतल्या देवळीत ठेवलं, म्हशींच्या घंटा आणि घुंगरमाळांच्या शेजारी. त्यांच्या पत्नी बाळाबाई म्हणाल्या, "आवं, त्यो हंबीररावास्नी परत द्यायचा न्हवता काय?"

"वस्तादची खूण हाय ती. म्हशीची घंटा आपण कुणाला परत देतो व्हय?"

इथंच चुकलं, मित्रांनो. अण्णासो लबाड नव्हते. त्यांच्या घरची रीतच तशी. जुनी म्हैस गेली की तिच्या गळ्यातली घंटा तिच्या रेडीच्या गळ्यात जाते. तो मान असतो, वारसा असतो. पुढं दिवाळीचा पाडवा आला. म्हशींना घासूनपुसून, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मिरवायचा दिवस. त्या दिवशी एका तरण्या रेडीच्या गळ्यात तिच्या आईची घंटा बांधली गेली. आणि नुकतंच घरात आलेलं तांबूस पिल्लू, ज्याचं नाव अण्णासोंनी हौसेनं पठ्ठ्या ठेवलं होतं, त्याच्या गळ्यात मला बांधलं. "वस्तादचा पठ्ठ्या शोभतोय का न्हाय?" असं ते दहा जणांना विचारत होते. खोटं कशाला सांगू, मलाही आनंदच झाला. देवळीत धूळ खाऊन मी कंटाळलो होतो.

पठ्ठ्याला लस टोचून आणायची बाळाबाईंनी दोनदा आठवण करून दिली. अण्णासो म्हणायचे, वैरणीची गडबड हाय, पुढच्या आठवड्यात बघू. पुढचा आठवडा काही आला नाही. गळ्यात बिल्ला दिसत होता ना! रोज बघून बघून त्यांना वाटायला लागलं असावं, की काम झालेलंच आहे.

माघात एके सकाळी अण्णासो म्हशी धुवायला पंचगंगेच्या घाटावर गेले होते. तिथं एक लाळ गाळणारं, झोकांड्या खाणारं भटकं कुत्रं आलं आणि पठ्ठ्याच्या कानाला चावलं. अण्णासोंनी काठीनं त्याला हाकललं, घरी येऊन जखमेत हळद भरली आणि विषय संपवला. चार दिवसांत जखम भरली. आतलं मात्र कुणाला दिसत नव्हतं.

शेजारच्या गल्लीत प्रसेनजीत राहायचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांची नऊ वर्षांची मुलगी शिवानी रोज संध्याकाळी किटली घेऊन दुधाला यायची. माझी तिची दोस्ती होती. अण्णासो दूध मापेपर्यंत ती पठ्ठ्याच्या गळ्याशी बसायची आणि फ्रॉकच्या टोकानं मला घासून घासून चकचकीत करायची. चैत्रातल्या त्या संध्याकाळीही तिनं हात पुढे केला. पठ्ठ्या सकाळपासून किरकिरा होता. तो गुरगुरला, आणि तिला हात मागं घ्यायला वेळच मिळाला नाही. मनगटाच्या वर चार दात रुतले.

बाळाबाईंनी पोरीला नळाखाली धरलं, साबण लावून जखम धुतली. प्रसेनजीत धावत आले. कट्ट्यावरची माणसं हातातले ग्लास तसेच धरून बघत होती. "अण्णासो, टोचलंय न्हवं ह्येला?" प्रसेनजीतनी विचारलं.

अण्णासोंनी माणसांकडे बघितलं. आणि म्हणाले, "बिल्ला हाय की गळ्यात! बघा."

प्रसेनजीत वाकले. पठ्ठ्याचं तोंड अण्णासोंनी आवळून धरलं होतं. प्रसेनजीतनी मला चिमटीत पकडलं आणि माझं तोंड वाचलं. चारशे बारा. "मग बरं," ते म्हणाले, आणि मला सोडून दिलं.

अरे, उलटा तरी करायचा होता रे बाबा! मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती, की हे वस्तादचे ठिपके आहेत, ह्याचा एकही नाही. पण शेवटी मी पितळ. मी गप्प राहिलो, आणि माझं गप्प राहणं म्हणजे त्या संध्याकाळी खोटी साक्षच झाली.

माणसं पांगल्यावर अण्णासोंनी मला पठ्ठ्याच्या गळ्यातून सोडवलं. उलटं केलं. ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि खिशात टाकलं. तीन दिवस मी त्या खिशात होतो. धार काढून झाली की त्यांचा हात खिशात यायचा आणि अंगठा माझ्या पाठीवरून फिरायचा. एक, दोन, तीन... सात. पुन्हा एक, दोन. पण पाय प्रसेनजीतच्या गल्लीकडे वळत नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी पठ्ठ्यानं पाण्याला तोंड लावलं, पण घोट घशाखाली उतरेना. आवाज घोगरा झाला. तोंडातून लाळेची तार लागली आणि तो गोठ्याच्या खांबाला चावू लागला. अण्णासो मटकन खाली बसले. गोठ्याचं दार बाळाबाईंनी बाहेरून लावून घेतलं.

"कट्ट्यावर कळलं तर आपल्या म्हशीचं दूध कोण पिणार?" अण्णासो पुटपुटले.

"दूध गेलं चुलीत!" बाळाबाई कडाडल्या. "पोरीचं बोला. उठा आदी!"

अण्णासो अनवाणीच निघाले. शिवानी दारात बसून शुद्धलेखन लिहीत होती, हाताला पट्टी बांधलेली. प्रसेनजीत कामावर निघायच्या तयारीत होते. अण्णासोंनी मला त्यांच्या तळहातावर ठेवलं, पाठ वर करून.

"सात ठिपके हायत. साती वस्तादचे. पठ्ठ्याचा ह्यात एकबी न्हाय." अण्णासो म्हणाले. "टोचलंच न्हवतं त्येला. आज पिसाळलाय. मी खोटं बोललो तुमच्याशी."

प्रसेनजीतनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी पोरीला उचललं, वही पायरीवरच पडली. गाडीला किक मारताना एवढंच म्हणाले, "चार दिवस, अण्णासो. चार दिवस!"

दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रोगाची लक्षणं दिसली की मग जवळजवळ कुणाच्याच हातात काही राहत नाही. त्याआधी औषध पोहोचलं तर जीव वाचतो. आपण पोहोचलोय असं धरून चालू. जखमेच्या भोवती सुया टोचल्या. शिवानीचं ओरडणं बाहेर बाकावर बसलेल्या अण्णासोंना ऐकू येत होतं. प्रसेनजीतच्या हातातून पायरीवर पडलेल्या मला उचलून ते मागोमाग धावत आले होते, आणि मी पुन्हा त्यांच्या मुठीत होतो. नंतर त्यांनी आणि बाळाबाईंनीही लस घेतली. पालिकेची माणसं येऊन पठ्ठ्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा काय दोष होता हो? त्याला बिल्ला नको होता, सुई पाहिजे होती.

त्या संध्याकाळी अण्णासो कट्ट्यावर म्हशी न घेता गेले आणि सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. पशुवैद्यांनी म्हशी तपासल्या, काही दिवस वेगळ्या बांधल्या. पुढं कितीतरी महिने अण्णासोंच्या जागेवर कुणी फिरकलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही.

शिवानीच्या सगळ्या सुया ठरल्या दिवशी झाल्या. तरी प्रसेनजीत रोज सकाळी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन बसायचे. "पी बघू." ती प्यायची. घोट घशाखाली उतरलेला दिसला की मगच ते डबा उचलून कामावर जायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी त्यांचं ते सुटलं नाही. पोरगी मात्र खणखणीत राहिली.

मला अण्णासोंनी हंबीररावांना परत नेऊन दिलं, वर्षभर उशिरा. हंबीररावांनी ठिपके एकदा मोजले. मग उठले आणि मला आपल्या खिडकीच्या चौकटीवर खिळ्यानं ठोकून टाकलं, पाठ बाहेर करून. तिथंच मी आहे. माझं तोंड आता लाकडाला टेकलेलं असतं. लोक विचारतात, हे काय, आणि हंबीरराव प्रत्येकाला सांगतात.

परवा अण्णासो आले. काखेत एक काळं पिल्लू, हातात डॉक्टरांचा ताजा दाखला. बरोबर प्रसेनजीत आणि शिवानी. येताना त्यांनाच घेऊन यायचं, असं अण्णासोंनी ठरवलं होतं म्हणे. शिवानी पिल्लापासून चार हात लांब उभी होती. पूर्वीसारखा तिनं हात पुढे केला नाही, आणि मला फार वाईट वाटलं. हंबीररावांनी दाखला दोनदा वाचला, टोला दिला आणि कोरा करकरीत बिल्ला अण्णासोंच्या हातात ठेवला. अण्णासो तो पिल्लाच्या गळ्यात बांधायला लागले.

"आजोबा," शिवानी म्हणाली, "आदी उलटा करून दाखवा."

अण्णासोंनी उलटा केला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिनं वाकून तो एक ठिपका नीट बघितला, मग मान हलवली.

मित्रांनो, मी आता कुणाच्या गळ्यात जाणार नाही. पण माझी भावंडं तुमच्या गल्लीत हिंडत असतील. कुत्रा चावला किंवा त्यानं नुसतं ओरबाडलं, तर जखम साबणानं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. बिल्ला असला तरीही. आणि तुमच्या घरी कुत्रा असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या गळ्यातला बिल्ला शिवानीनं सांगितलं तसा उलटा करा आणि त्यावरचे ठिपके त्याच कुत्र्याचे आहेत का, ते बघा.