पाचशे चाळीस मीटरवर

सुई अजून थांबली नव्हती. खडीने भरलेला ट्रक पुढे निघून गेला होता, त्याच्या मागच्या जोडचाकांच्या मधे सरकवलेला लांब दांडा आता उघडा पडला होता, आणि दांड्याच्या टोकाच्या तबकडीवर ती सुई मात्र फिरतच होती – चाकाखाली दबलेला रस्ता वर येत होता, येतच होता... चांगला रस्ता इतका दबत नाही.

"कितना, साहब?" वही घेतलेल्या श्यामलालनी विचारलं. निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ. बाग सेवनिया वस्तीतून सायकलने येत.

नरहरने आकडा सांगितला. बाकी रस्त्याच्या दुप्पट. पाचशे चाळीस मीटर, कंपनीच्या टाउनशिपचा रस्ता जिथे दवाखान्याकडे वळतो तिथे... मोजायच्या आधीच त्याला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी त्याच्याच देखरेखीखाली हा रस्ता होत असताना आभाळ भरून आलं होतं, माल आणणारी गाडी वाटेत बंद पडून दोन तास उशिरा पोचली होती, आणि डांबरी खडीत खुपसलेला थर्मामीटर अठ्ठ्याण्णव अंशांवर अडला होता. इतक्या थंड मालावर रोलर कितीही फिरवा, खडी एकमेकीला धरत नाही. माल परत पाठवायला हवा होता. पण तो दमला होता – नुसता दमला होता; धमकी, लाच, काहीतरी मोठं कारण असतं तर बरं झालं असतं – त्याने रोलरवाल्याला हात केला आणि रजिस्टरमध्ये एकशे तीस लिहिलं. पेनसुद्धा अडखळलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात तिथे खड्डा पडला, पाण्याने भरला, आणि अच्युतची स्कूटर त्यात गेली. अच्युत... शेजारच्या क्वार्टरमधला, त्याच्याबरोबर एकाच दिवशी पुण्याहून नोकरीवर हजर झालेला. तीन दिवस बेशुद्ध होता, मग गेला. लोक म्हणाले, पावसाने घात केला. नरहरही म्हणाला, पावसाने. अच्युतच्या बायकोला, कमलिनीला, कंपनीने टायपिस्ट म्हणून घेतलं. तेव्हापासून नरहरचे सगळे अहवाल तीच टाइप करते, त्याचं किरटं अक्षर आता फक्त तिलाच लागतं.

"भाऊजी, सकाळीच उन्हात?"

तो दचकून उठला. कमलिनी डबा घेऊन ऑफिसला निघाली होती.

"वहिनी... तपासणी. नवा थर टाकायचाय."

तिने खड्ड्यावरच्या ठिगळाकडे पाहिलं. "हे म्हणायचे, नरहरने पास केलेला रस्ता आहे, डोळे मिटून गाडी चालवावी." ती किंचित हसली. "अहवाल बाराच्या आत द्या हं. सासूबाईंचे डोळे दाखवायला शाहपुऱ्याला जायचंय."

ती वळणापलीकडे गेली. जुनी रजिस्टरं तिच्याच कपाटात असतात... तिने पाहिलं असेल? काय दिसणार, एकशे तीसच दिसणार. ती सहज बोलली. सहजच. पण आपण काल रात्रीपासून तिच्या तोंडून या रस्त्याचा जाब ऐकायची वाट पाहत होतो, हे त्याला आत्ता कळलं.

"यहाँ तो पैच है साहब," श्यामलाल म्हणाले, "छोड़ दें? रिपोर्ट में कोई पूछेगा नहीं."

सोडता येत होतं. खरंच येत होतं.

"नहीं. इसके बाजू में काटिए. पुराने डामर में."

कापायचं यंत्र घरघरलं, काळं पाणी चपलांपर्यंत वाहत आलं. डांबराचं अखंड नळकांडं निघायला हवं होतं. निघाली ओंजळभर सुटी खडी. श्यामलालनी एक खडा बोटांत फिरवला.

"ये तो ठंडा बिछा था. पास किसने किया?"

"मैंने."

श्यामलाल वहीत मान घालून लिहीत राहिले. परक्या भाषेत तो शब्द किती सहज निघाला... दातांना, जिभेला कुठे लागलासुद्धा नाही. आता तोच मराठीत म्हणून पाहायचा – वहिनी, मी... वहिनी, त्या दिवशी मी... वाक्य दर वेळी तिथेच मोडत होतं. आणि बारा वाजायला अजून अडीच तास होते. ती रडेल, ओरडेल, याची धास्ती इतकी वर्षं वाटत आली होती. आज मात्र वाटलं, ती तसं काहीच करणार नाही. कागद टाइपरायटरमध्ये सरळ करत ती नुसतं म्हणेल, जाऊ द्या भाऊजी... आणि ते तर त्याला मुळीच सोसणार नव्हतं.