रंजना म्हणतात तिला

रंजनाबाईंच्या डोळ्यांत थेंब घालून नर्सनं त्यांना पापण्या मिटायला सांगितल्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाजूला होऊन ती आईशी बोलू लागली आणि मिटल्या डोळ्यांनी ऐकता ऐकता रंजनाबाई खुर्चीत ताठ बसल्या. कतारगामच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांच्या कानांवर निकोबारातल्या एका लहानशा बेटाची भाषा पडत होती.

पन्नासेक वर्षांपूर्वी रंजनाबाई त्या बेटावर राहिल्या होत्या; तिथल्या लोकांची नाती, घरं, सण, विधी यांचा अभ्यास करायला. बाईमाणूस एकटी समुद्रापार जाते म्हणून धुळ्याच्या घरानं अबोला धरला होता. पुढे त्या अभ्यासाचं पुस्तक झालं, नोकरी झाली. परत जाणं तेवढं राहून गेलं. मग सुनामी आली. त्यानंतर कुणाकडे चौकशी करायचा त्यांना धीरच झाला नाही.

नर्सनं फोन ठेवताच त्यांनी त्याच भाषेत, अडखळत विचारलं, "आई बरी आहे ना?"

नर्स जागीच थांबली. सोबत आलेली भाचेसून सुवर्णाही बघत राहिली.

"फुई, हाई कोन्ती भाषा शे?" तिनं आत्यासासूला विचारलं.

नर्सचं नाव एस्तर. रंजनाबाई बेटावर कुणाच्या घरी राहिल्या होत्या ते ऐकून ती समोरच्या स्टुलावर बसली. ते घर तिच्या आजीचं होतं. मग तिनं त्यांचं नाव विचारलं, आणि ऐकून तोंडावर हात धरला.

"आमच्या घरात पोर फार प्रश्न विचारायला लागलं, की त्याला रंजना म्हणतात," ती म्हणाली. "आजी मलाही म्हणायची."

रंजनाबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आजी?"

एस्तरनं मान हलवली. लाटेत आजी गेली, घर गेलं, एक फोटोसुद्धा उरला नाही. एस्तर तेव्हा फार लहान होती. चेहरा आठवायला जावं तर आता आईचाच समोर येतो, असं ती म्हणाली.

रंजनाबाईंना कितीतरी विचारायचं होतं. पण एस्तरनंच आधी विचारलं,

"तरुणपणी कशी दिसायची ती?"

बाहेर पुढच्या पेशंटला हाक गेली. एस्तर उठली नाही. रंजनाबाईंनी हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर टेकवला.

"केस इथपर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि होडी वल्हवायला बसली, की कुणालाच पुढे जाऊ देत नसे."