एक कार्ड, दोन जावा

वस्तीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. खांद्याला वजनाचा काटा लटकलेला, म्हणून ती सगळ्यांची काटेवाली. मंगळवारी आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असायची. एका सकाळी चाळीस बायका. वजन घ्या, दंडाला पट्टा बांधून बीपी बघा, टेपने पोट मोजा, कार्डावर लिहा, सही ठोका, चला पुढची. चेहऱ्याकडे बघायला उसंत कोणाला? त्यात पुठ्ठ्याच्या कारखान्यातून परस्पर येणाऱ्या बायका धुळीपायी नाकातोंडावर फडकं बांधूनच यायच्या. मला माणसं दंडावरून ओळखू येतात, असं काटेवाली हसत हसत सांगायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तिला त्या मंगळवारी बारा वाजता कळलं.

गर्दी ओसरली होती. डॉक्टर दुसऱ्या केंद्रावर निघून गेले होते. काटेवाली एकेका बाईचे आकडे मोठ्या वहीत उतरवत होती. कारखान्यामागच्या ओळीतल्या एका बाईपाशी तिचा पेन अडला. आजचं बीपी एकशे दहा, अगदी झकास. डॉक्टरांनी खूश होऊन कार्डावर लिहिलंही होतं: औषध लागू पडलं, गोळ्या बंद. मागच्या वेळी हेच बीपी एकशे पन्नास होतं. त्याच्या मागच्या वेळी एकशे दहा. त्याच्याही मागे एकशे चाळीस.

तिने वजनाचा रकाना बघितला. पहिल्या खेपेपासून एकसष्ट, बावन्न, त्रेसष्ट, त्रेपन्न. मागे एकदा या आकड्यांवरून तिने काट्यालाच दोष दिला होता, स्वतः त्यावर दोनदा उभी राहून काट्याशी भांडली होती. मग पोटाचं माप. तीस, सव्वीस, चौतीस, तीस.

पोटातलं बाळ एका खेपेला वाढतं आणि दुसऱ्या खेपेला आटतं, असं कुठे होतं का?

काटेवालीने डोळे मिटले आणि दंड आठवायला सुरुवात केली. मागच्या वेळच्या दंडावर गरम डिंकाच्या चटक्याचा डाग होता, तो चुकवून तिने पट्टा वर सरकवला होता. हात सुजलेला होता आणि ती बाई डोकं दुखतं म्हणत होती. आजचा दंड सडपातळ होता. त्यावर डागाचा मागमूस नव्हता.

एका कार्डावर दोन बाया येत होत्या. गोळ्या बंद झाल्या होत्या त्या धडधाकट बाईच्या मापावरून. जिला त्यांची खरी गरज होती ती कुठे होती, कोण होती, हे वहीत कुठेच नव्हतं.

काटेवालीने डॉक्टरांना तीनदा फोन लावला, लागला नाही. मग बीपीचं यंत्र पिशवीत कोंबलं आणि वही उघडी टाकूनच ती निघाली.

कारखान्यामागच्या ओळीत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहायची. सगळी बाहेरून पोटासाठी आलेली. ज्यांचं नाव कारखान्याच्या यादीत त्यांच्या बायकोला कार्ड, आणि कार्ड असेल तर मोठ्या इस्पितळात खाट. ठेकेदाराकडच्या माणसांना यादी नाही, मग कार्ड नाही. त्यांच्या बायका बाळंत होत नाहीत असं नियम करणाऱ्याला वाटलं असावं. वर एक धमकीही छापलेली होती: कार्डाचा गैरवापर झाल्यास कार्ड रद्द.

दारात एक म्हातारी खोक्यांच्या घड्या घालत बसली होती. ही सासू. हात इतके सरावलेले की काटेवालीकडे बघतानाही घडी चुकत नव्हती.

"सून कुठे आहे, मावशी?"

"आत्ताच तुमच्याकडून आली की. पाणी भरायला गेली."

"ती नाही. दुसरी."

म्हातारीचे हात थांबले. "मला सून एकच."

"दंडावर चटक्याचा डाग असलेली."

"चटके इथे सगळ्यांनाच बसतात, ताई. तुम्ही ऊन खाली झाल्यावर या."

आतून कोणीतरी ओकल्याचा आवाज आला. काटेवालीने चप्पल न काढताच म्हातारीला ओलांडलं. असा अगोचरपणा तिने आयुष्यात केला नव्हता.

खोलीच्या मधोमध चादरीचा पडदा होता. पडद्याआड धाकटी जाऊ भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात बादली. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. काटेवालीने तिचा चेहरा पहिल्यांदा बघितला. तिच्या दंडाला चार वेळा हात लावून झाल्यावर... नाही, दोन वेळा. दोन वेळा दुसरीच होती. काटेवालीला स्वतःची भयंकर शरम वाटली.

"डोळ्यांपुढे काजवे चमकतात का गं?"

"सकाळपासून," धाकटी म्हणाली. "तुमचं तोंड पण अर्धंच दिसतंय."

यंत्राने एकशे सत्तर दाखवलं. पुन्हा बांधला पट्टा, पुन्हा एकशे सत्तर.

"गोळ्या घेतेस ना? दिवसाला दोन लिहून दिल्यात."

"घेते की. एक मी घेते, एक जाऊबाई."

दारातून म्हातारी म्हणाली, "आमच्याकडे दुजाभाव नाही. जे येतं ते दोघींत सारखं. लोहाच्या गोळ्या, बाकीच्या गोळ्या, सगळं."

इतक्या न्यायाने वागणारी सासू दहा गावं शोधून मिळाली नसती, आणि त्या न्यायानेच धाकटीचा जीव टांगणीला लागला होता.

"मावशी, हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं. झटके आले तर आई आणि बाळ दोघांचं कठीण आहे. मी घाबरवत नाहीये."

म्हातारी खाली बसली. तिला कळलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "नेऊ. पण कार्डावर नेऊ. थोरलीच्या नावाने. हिचा नवरा ठेकेदाराकडे, हिचं कार्ड नाही म्हटलं तर दारातून परत पाठवतील."

"आणि थोरलीला दिवस भरल्यावर?"

"ते तेव्हा बघू. आत्ता तोंड उघडलंत तर कार्ड रद्द होईल. थोरलीचं पहिलं ऑपरेशनने झालंय, तिला खाटेशिवाय चालायचं नाही. एकीला वाचवायला दुसरीला मारू का मी?" म्हातारीने काटेवालीचं मनगट धरलं. "कबूल करा, गप्प राहाल. तरच उठू देते हिला."

धाकटी पुन्हा ओकली. वाद घालायला वेळ नव्हता.

"कबूल," काटेवाली म्हणाली.

तेवढ्यात थोरली पाण्याचे हंडे घेऊन आली आणि दारातच तिला सगळं उमगलं. तिने हंडे ठेवले, पदराने हात पुसले, ब्लाउजमधून कार्ड काढून मुकाट्याने सासूच्या हातात दिलं आणि धाकटीच्या काखेत हात घातला. कारखान्याचा मालवाहू टेम्पो खोकी भरून निघतच होता. ड्रायव्हरने आधी नाही म्हटलं, मग धाकटीकडे एकदा बघितलं आणि अर्धी खोकी स्वतःच खाली उतरवली. चौघी मागे बसल्या. प्रत्येक खड्ड्याला काटेवाली धाकटीची बुबुळं बघत होती. वाटभर म्हातारी सुनेला पढवत होती: वय काय सांगायचं, पहिलं बाळंतपण कसं झालं सांगायचं. धाकटी मान हलवत होती. तिला हे सगळं पाठ होतं.

इस्पितळात बाळंतिणींच्या विभागाच्या दाराशी एक सिस्टर टेबल मांडून बसली होती. बाकावर आणखी सहा बायका ताटकळत होत्या. थोरलीला म्हातारीने मागे खांबापाशी उभं केलं. एका कार्डापुढे दोन पोटं नकोत.

सिस्टरने कार्ड घेतलं. "नाव?"

धाकटीने जावेचं नाव सांगितलं, न अडखळता. जावेचं वय सांगितलं. आधीचं ऑपरेशनही सांगितलं.

सिस्टरने पट्टा बांधला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकशे अडुसष्ट?" तिने कार्डावरून बोट फिरवलं. "आज सकाळी तर एकशे दहा आहे. गोळ्या पण बंद केल्यात डॉक्टरांनी. धावपळीत आलात ना, घाबरली असेल. बसा तिकडे, अर्ध्या तासाने पुन्हा बघू."

"डोकं फार दुखतंय," धाकटी म्हणाली.

"सातवा संपून जेमतेम आठवा लागलाय. एवढ्यात घाई करून काय करायचं? आडवी हो जरा."

काटेवाली त्या कार्डाकडे बघत राहिली. एकशे दहा हा आकडा तिच्या अक्षरातला होता. त्यापुढची सही तिची होती. धाकटीला नववा लागला होता, पण कार्ड म्हणत होतं आठवा. धाकटीला झटके यायची वेळ झाली होती, पण कार्ड म्हणत होतं सगळं ठीक. त्या कार्डावरची प्रत्येक ओळ थांबा म्हणत होती आणि प्रत्येक ओळीखाली तिनेच सही ठोकली होती.

तिने म्हातारीकडे बघितलं. म्हातारीने हळूच मान हलवली. नाही.

बाकावर टेकता टेकता धाकटीचा उजवा हात आपोआप फडफडला.

"सिस्टर," काटेवाली म्हणाली, "हे कार्ड हिचं नाही."

म्हातारीने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे?"

"सकाळचं माप दुसरीचं आहे. ही तिची धाकटी जाऊ. हिला छत्तीस आठवडे झालेत. गेल्या खेपेला दीडशे होतं, आणि गोळ्या ही निम्म्याच घेत होती."

सिस्टरने कार्ड उलटंपालटं केलं. "सह्या कोणाच्या?"

"माझ्या."

"मग तुमच्या सह्या खऱ्या मानू की तुमचं बोलणं?"

"खोटं बोलतायत त्या," म्हातारी पुढे झाली. "ही माझी थोरली. विचारा हिलाच."

सिस्टरने धाकटीकडे बघितलं. "कार्ड तुझंच ना?"

काटेवालीला वाटलं, आता तरी ही खरं बोलेल. जिवापुढे काय असतं माणसाला? पण धाकटीने खांबाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "माझंच."

सिस्टर वैतागली. बाकावरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. "इथे तमाशा नको. ताई, तुम्ही बाहेर थांबा, मी डॉक्टरांना सांगते आल्यावर."

"किती वेळात येतील?"

"ऑपरेशन चालू आहे. येतील."

तेव्हा खांबामागून थोरली पुढे आली. टेबलापाशी उभी राहून तिने बाही वर केली आणि दंड सिस्टरच्या कागदांवरच आडवा ठेवला.

"मोजा."

"आता तू कोण?"

"कार्डावर आहे ती. सकाळचं एकशे दहा माझं. पोटाचं माप तीस, ते पण माझं. मोजून बघा, आणि मग हिला आत घ्या."

"जाऊबाई," बाकावरून धाकटी पुटपुटली, "तुमचं कार्ड जाईल."

"जाऊ दे."

एरवी जावेच्या तोंडच्या या दोन शब्दांवर कोणीतरी हसलं असतं. सिस्टरने पट्टा बांधला. काटेवालीचे कान त्या हवेच्या फुसफुशीकडे लागले होते. एकशे बारा. सिस्टरने टेप घेतला, पोट मोजलं, टेप तसाच टेबलावर टाकला आणि उठून आत ओरडली, "ढकलगाडी आणा. लवकर. आणि झटक्याचं इंजेक्शन भरा."

धाकटीला नेलं. दार झुलत राहिलं. टेबलावरच्या कार्डावर सिस्टरने परतून तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आणि ते खणात टाकलं. काटेवालीकडून तिने कागदावर सगळं लिहून घेतलं, केव्हापासून, किती वेळा, लक्षात कसं आलं नाही. शेवटच्या प्रश्नाला काटेवालीने लिहिलं: मी चेहरे बघितले नाहीत. सोमवारी साहेबांपुढे उभं राहायचं, असं तिला सांगण्यात आलं. नोकरी राहील याची तिला फारशी आशा वाटली नाही.

तिघी बाकावर बसल्या. म्हातारीने काटेवालीकडे पाठ फिरवली. दोन तास गेले. थोरलीने एकदा नळावरून पाणी आणलं. आधी सासूला दिलं, मग काटेवालीला, मग स्वतः प्यायली. तिच्या बाळंतपणाला दोन महिने होते आणि आता तिला कुठलंच दार उघडं नव्हतं. काटेवालीला तिच्याकडे बघवत नव्हतं, तरीही ती बघत राहिली.

दार उघडलं. वेगळीच एक सिस्टर हातात कागद घेऊन बाहेर आली आणि तिने एक नाव पुकारलं. बाकावर कोणी हललं नाही. तिने पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने. काटेवालीने इकडेतिकडे बघितलं, कोण उठतंय म्हणून. हे नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"अहो, कोणी आहे का हिचं? आत बाईने स्वतः सांगितलंय हे नाव. मुलगी झालीय. बीपी अजून उतरायचंय, पण शुद्धीवर आहे. कोणीच नाही का बरोबर?"

थोरलीने सासूच्या खांद्याला हात लावला.

म्हातारी उठली. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला. खोक्यांच्या घड्या घालून काळी पडलेली बोटं तिने लुगड्याला पुसली, पुन्हा पुसली.

"माझी आहे," ती म्हणाली. "सून आहे माझी. ती आहे, आणि ही पण आहे. दोघींची नावं लिहून घ्या."