दोन डोळ्यांचा चंद्र

"पप्पा, आता बघ. दोन्ही डोळे लाव."

भोईवाड्यातल्या चाळीच्या गच्चीवर दिवेलागणीलाच अर्धा चंद्र डोक्यावर आला होता. आकांक्षाने जुन्या दुर्बिणीला नवा बायनोव्ह्यूअर लावला होता. त्यातून एका डोळ्याऐवजी दोन्ही डोळ्यांनी बघता यायचं. गंगाधर वाकला.

ही दुर्बीण त्याने लग्नाआधी स्वतः केलेली. शिवडीच्या गोदामातून पाळी संपवून यायचा आणि तिचा आरसा घासत बसायचा. पुढे एकदा दादरच्या एका मित्राकडे त्याने दोन्ही डोळ्यांनी चंद्र पाहिला. "चपटा नाय गो तो, चेंडूसारखा लोंबतो," असं लेकीला कितीदा तरी सांगितलं. तिने ते लक्षात ठेवलं होतं.

पण काचबिंदूने त्याचा डावा डोळा गेला होता. पोरीचं लग्न तोंडावर, तिला उगाच घोर नको, म्हणून तो बोलला नव्हता.

"दिसतोय?"

"झक्कास."

"दोन दोन नाही ना दिसत? पहिल्यांदा सगळ्यांना दिसतात."

"नाय गो. एकच. चेंडू जसा."

आकांक्षा हसली, स्वतः वाकली. सरळ झाली तेव्हा तिच्या तळहातावर भिंगावरचं एक काळं झाकण होतं.

"डावीकडचं काढायचंच राहिलं होतं, पप्पा."

गंगाधर पाण्याच्या टाकीला टेकला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून. गेलेली नजर परत येत नाय म्हणाले डॉक्टर."

"आणि दुसरा डोळा?"

"थेंब घालतो. टिकलाय अजून."

"मला सांगायचं तरी."

"सांगणार होतो, लग्न झाल्यावर. आज तू ह्याचा खोका घेऊन आलीस. तुझं तोंड बघून नाय जमलं."

ती बायनोव्ह्यूअर सोडवू लागली. त्याने तिचा हात धरला.

"राहू दे. तू बघ. मला सांग."

डोळे पुसून ती पुन्हा वाकली. दोन चंद्रांचा एक व्हायला थोडा वेळ लागला.

"लोंबतोय, पप्पा. खरंच लोंबतोय."

"उजेड संपतो तिथं बघ. अंधारात डोंगरांची नुसती टोकं चमकत असतील."

"दिसली."

"सावकाश बघ."

दुर्बिणीतला चंद्र हळूहळू कडेला सरकत होता. गंगाधरने दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला आणि वर न बघता, हाताच्या सवयीने, तिच्यासाठी ती जरा जरा ढकलत राहिला.