पगाराचं तेवढं विचारू नको

इंदापूरच्या एसटी स्टँडाबाहेर दत्तोबाचं फोनचं दुकान होतं आणि दुकानात काचेचं खोकं. त्या खोक्यात जेमतेम एक माणूस मावायचा. पण ताईबाईंनी लेकीच्या मागोमाग स्वतःलाही आत कोंबलं आणि दार ओढून घेतलं. दत्तोबा ओरडला, "मावशी, काच फुटंल!"

"फुटली तर फुटली, भरून देईन." असल्या बाईपुढं कोण बोलणार?

कारणही तसंच होतं. त्यांची लेक सुकन्या बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिनं मस्कतच्या मोठ्या इस्पितळात अर्ज टाकला होता, आणि तिथली मेट्रन, म्हणजे नर्सांची मुख्य बाई, आज चार वाजता दत्तोबाच्या फोनवर तिची मुलाखत घेणार होती. कळससारख्या खेड्यातल्या पोरीला समुद्रापलीकडून फोन! ताईबाईंच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. असला योग पुन्हा कुठला यायला, हे त्या पक्कं जाणून होत्या.

एसटीत बसल्यापासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं. "सगळं बोल. पगाराचं तेवढं इचारू नको."

"का गं आई? एवढ्या लांब जायचं, तर काय देणार ते कळायला नको?"

"देत्याल ते घ्यायचं. इचारलं की गेलं."

हे शहाणपण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायच्या आधीचा काळ, ताईबाई तेव्हा परकरी पोर. घरानं वर्षभर गावाची कामं करायची आणि सुगीला खळ्याच्या कडेला पदर पसरून उभं राहायचं. मालक वरून सुपातनं ओतील ते बलुतं. किती, हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एका साली त्यांच्या आईनं काढला. "मालक, औंदा एवढंच व्हय?" एवढंच बोलली बिचारी. मालकानं हातातलं सूप परत राशीवर उपडं केलं आणि पाठ फिरवली. पुढं दीक्षा झाली, ती कामं सुटली, खळ्यावर जाणंही थांबलं. मनातली धास्ती मात्र तशीच राहिली, ती काय कुणाला विचारून जाते?

फोन खणाणला. सुकन्या अशी इंग्रजी बोलायला लागली की ताईबाई बघतच राहिल्या. ही आपल्याच पोटची ना? अडखळणं नाही, मान खाली नाही. त्यांना शब्द कळत नव्हता, पण ऊर भरून येत होता. आणि एवढ्यात एक शब्द कळला. सॅलरी! दर महिन्याला लेकीच्या तोंडून ऐकलेला शब्द तो, कसा नाही कळणार?

'इचारलंच हिनं! घात केला!' ताईबाईंचा हात आपसूक पुढं गेला आणि त्यांनी फोनचा खटका दाबून धरला.

"आई! काय केलंस हे?"

"तोडलं. अजून तिच्या कानावर गेलं नसंल."

"गेलं होतं गं! ती सांगतच होती." सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. परदेशी फोन लावायची सोय दत्तोबाकडं नव्हती. ती मेट्रन परत फोन करील तरच. नाहीतर, ही कसली अडाणी पोरगी, तोंडावर फोन आपटते, असं म्हणून दुसरीला घेईल.

आपल्या हातानं लेकीच्या ताटातलं ओढलं! ताईबाई गुपचूप खोक्यातून बाहेर आल्या आणि दोन्ही हात काखेत दाबून उभ्या राहिल्या. न जाणो, पुन्हा काही करून बसतील.

फोन वाजला.

काचेतून लेकीचे ओठ हलताना दिसत होते. ती मान हलवत होती, मध्येच हसली. मग बाहेर आली.

"मेट्रन सॉरी म्हणाली, आई. लाइन तुटली, तुम्हाला त्रास झाला म्हणून."

"ती? तुला सॉरी म्हणली?"

"व्हय. मग पगार सांगितला, आपण धरला होता त्यापेक्षा जास्तच. राहायला खोली, वर्षाला यायचं तिकीट."

"आणि चिडली न्हाय?"

"चिडायचं काय त्यात? उलट तिनंच विचारलं, एवढं तुम्हाला चालेल का म्हणून."

ताईबाई मटकन पायरीवर बसल्या. देणाऱ्यानं घेणाऱ्याला विचारायचं, चालेल का! बाई गं, असलंही जग असतं? ह्याच आभाळाखाली असतं?

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आईला विचारून सांगते. बरं म्हणाली. उद्या चारला परत फोन करणार आहे."

"मला इचारून?" ताईबाईंनी परत विचारलं. "ती मस्कतची बाई माझ्या होकारासाठी थांबलीया?"

"थांबलीया."

दत्तोबा आतून ओरडला, "मावशी, मग व्हय म्हणून टाका की! पेढं आणतो."

ताईबाई उठल्या. पदर झटकला, डोक्यावर नीट घेतला.

"गप रं," त्या म्हणाल्या, "उद्या चारला सांगू. थांबू दे की तिला."