मानाची पॅन्ट

लोटनने शिवलेल्या पॅन्टी पाहून धुळ्यातल्या बायका म्हणायच्या, ह्यात माणूस घाला नाहीतर मणभर गहू भरा, सारखंच. लोटनला राग यायचा नाही. आयांना ती पॅन्ट आवडली असती तर पोरांनी विकत घेतली नसती, एवढं त्याला कळत होतं.

सत्त्याऐंशी साली व्हिडिओ पार्लरमध्ये त्याने अमेरिकेतल्या पोरांची एक कॅसेट पाहिली. पोरं रस्त्यावर पुठ्ठा टाकून डोक्यावर गरगर फिरत होती आणि ह्याची नजर त्यांच्या पॅन्टींवर. पार्लरवाल्याला चहा पाजून त्याने चित्र थांबवून घेतलं, कमरेच्या चुण्या डोळ्यांत भरून घेतल्या. मग पॅराशूटच्या कापडाची पहिली पॅन्ट शिवली. वर ढगळ, घोट्याशी घट्ट, गुडघ्याला उगाच एक चेन आणि मागच्या खिशावर लाल लेबल, ‘लोटन्स’. ती घालून धनसिंग नावाचा कॉलेजचा पोरगा गणपतीपुढे ब्रेकडान्स नाचला आणि लोटनचं नशीब उघडलं.

सावद्याच्या केळीवाल्यांची पोरं एसटी बदलून बदलून धुळ्याला यायला लागली. जळगावच्या मोठ्या दुकानात ‘लोटन्स’चा वेगळा काउंटर झाला. कुणीतरी खोटी लेबलंही छापली. ते ऐकून लोटनने पेढे वाटले, कारण नक्कल काय पडेल मालाची होते थोडीच!

मग त्याच्या पोरीचं, कुंदाचं, लग्न दोंडाईच्याला ठरलं. व्याही वना आबा मिरचीचे व्यापारी, मनाने राजामाणूस. मानपानाच्या बैठकीत ते म्हणाले, “लोटनभाऊ, आम्हले टावेल-टोपी नको. मना भाऊबंदले तुमनी पॅन्ट द्या. दुनिया घालस, आम्हीन काय पाप करं?”

रात्री बायको, प्रमिलाबाई, म्हणाली, “टोपीच द्या. ती पॅन्ट काय म्हातारास्ना कामनी शे?”

“याहीले नही कसं म्हनू? पोर त्यासना घर जाई राहिनी.”

खरं तर नुसती भीड नव्हती. दोंडाईच्याचे मानकरी आपलं लेबल मिरवणार ह्या विचाराने त्याची छाती फुगली होती.

धुळ्यातून वरात निघाली. धोतरात हयात घालवलेले म्हातारे पॅराशूटच्या पॅन्टी सावरत चालले होते. एकाने गुडघ्याच्या चेनमागच्या खिशात विड्यांचं बंडल ठेवलं. वना आबा तर बँडपुढे हात वर करून नाचले. चौकात धनसिंग आणि त्याचे मित्र उभे होते. ते हसले असते तर लोटनला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त खाली वाकून आपापल्या पायांतल्या ‘लोटन्स’कडे पाहिलं आणि ते गर्दीतून निघून गेले.

कॉलेजात कुणी ‘लोटन्स’ घालून आला की पोरं विचारायला लागली, “काय आबा, मिरची काय भाव?” दिवाळीला दुकानात माशा उडाल्या. जळगावहून गठ्ठे परत आले. कारागीर एकेक करून सुरतेला गेले. लोटन दुकानात एकटा बसून व्याह्याला मनातल्या मनात शिव्या घालायचा. समोरासमोर काय काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं.

आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, कुंदा माहेरी आली. सोडायला स्वतः वना आबा आले, तीच पॅन्ट घालून. झाकलेल्या मशिनी पाहून ते दारातच थबकले.

“दुकान बसनं म्हने तुमनं? कसं काय?”

लोटनने तोंड उघडलं. मागे कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. अंगावर तेज होतं तिच्या. ‘लोटन्सवाल्याची पोर’ म्हणून सासरच्या भाऊबंदांत तिचा शब्द खाली पडत नव्हता, हे तिने येताच आईला सांगितलं होतं.

“फॅशन बदलनी, आबा,” लोटन म्हणाला.

“लोकेस्ले अक्कल नही!” आबा खरोखर कळवळले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आम्हीन शेतस ना! धाकला पोऱ्याना लगनमा बठ्ठा भाऊबंदले हाईच पॅन्ट. आते मनं माप ल्या.”

साऱ्या खानदेशात त्याच्या धंद्यासाठी एवढं हळहळणारा दुसरा कुणी भेटला नव्हता. लोटनला रडूही येईना आणि रागावताही येईना. त्याने गळ्यातला टेप काढला आणि आबांच्या पोटाला लावला.

“ढगळ ठेवा बरं,” आबा म्हणाले.