थडग्याची बायको आणि थंड खोली

बुधवार म्हणजे कोदुंगा गावात टोमॅटोच्या तोड्याचा दिवस. किसुमू शहरातल्या व्यापाऱ्याची गाडी शुक्रवारी येणार, तोवर माल अकरा घरांच्या सामाईक थंड खोलीत ठेवायचा, ही दोन वर्षांची रीत. त्या बुधवारीही सकाळी नवाच्या सुमाराला अकरा घरच्या बाया डोक्यावर कॅरेट घेऊन निघाल्या. त्यांत आवुर होती. खोलीच्या दारापाशी पोचल्यावर तिने नेहमीप्रमाणे कॅरेट उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि शेजारीण पिलिस्ता ते आत न्यायला वाकली.

"पिलिस्ता, राहू दे ते," आतून ओगुतू म्हणाला.

ओगुतू हा आवुरचा धाकटा दीर आणि थंड खोलीच्या मंडळाचा चिटणीस. खोलीची किल्ली त्याच्या गळ्यात. त्याचा थोरला भाऊ ओकेयो, म्हणजे आवुरचा नवरा, जाऊन चौदा महिने झाले होते. आणि नवरा गेला की सरोवराकाठच्या त्या गावांत बाई 'थडग्याची बायको' होते. दिराने किंवा भाऊबंदांतल्या कोणी तिला एका रात्रीसाठी का होईना 'घेतलं', तरच ती शुद्ध. तोवर तिने दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर त्या घराला शाप लागतो, लेकरं वाळतात, गुरं आटतात. वर्षभर सुतकाचं म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. वर्ष उलटलं तसा ओगुतूने दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा तो स्वतः आला. आवुरने त्याला अंगणातच उभा ठेवला आणि नाही म्हणून सांगितलं. त्याला बाई हवी होती की ओढ्याकाठचं तिचं शेत, हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

त्या नकाराचं उत्तर आज खोलीच्या दारात मिळालं. ओगुतूने सगळ्यांच्या देखत समजावून सांगितलं. या खोलीला छप्पर आहे, दार आहे, आत अकरा घरांचं अन्न आहे. मग हे अकरा जणांचं घरच नाही का? आजवर चाललं ते चुकून चाललं. थडग्याच्या बायकोचा माल आत आला तर सगळ्यांचा माल बाधेल.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला. "एका संध्याकाळचं काम आहे. उद्यापासून तुमची कॅरेटं मी स्वतः आत ठेवीन."

आवुरने पिलिस्ताकडे पाहिलं. पिलिस्ता पदराच्या गाठीशी चाळा करत राहिली. जाऊबाई, म्हणजे ओगुतूची बायको पेरेझ, मागून हसून म्हणाली की एवढा मान कोणत्या थडग्यातल्या नवऱ्यासाठी राखून ठेवलाय देव जाणे. दोघी-चौघी हसल्या. अध्यक्ष म्हातारे ओलांग खोकले आणि त्यांनी टोपी नीट केली. झालं. मंडळाचा निर्णय तो एवढाच.

आवुरची सात कॅरेटं भिंतीच्या कडेला उन्हात राहिली. भिंतीच्या आत बारा अंश, भिंतीच्या बाहेर चौतीस. शुक्रवारी व्यापाऱ्याने तिच्या टोमॅटोवर नुसता अंगठा टेकवला, तो आत गेला, आणि त्याने हात विजारीला पुसला. चार महिने पाणी घातलेलं पीक तिने डुकरांना ओतलं. ओतताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. डोकं मात्र असं तापलं होतं की त्यावर मक्याच्या पिठाची उगाली शिजली असती.

आणि शनिवार उजाडला.

शनिवार-मंगळवार पॅनेल धुवायचे दिवस. खोलीच्या छपरावर सोलरची चोवीस पॅनेलं होती. खोली बसवायला आलेल्या मुलीने ती कशी धुवायची, बॅटरी बसली तर यंत्र पुन्हा कसं सुरू करायचं, हे सगळं नीट दाखवलं होतं. पण त्या दिवशी बकरं कापलं होतं आणि बाकी सगळे पानावर होते. शिकायला उभे राहिले ते ओकेयो आणि आवुर. ओकेयो गेल्यावर हे काम आपसूक आवुरकडे आलं. वर्षभर ती पहाटे शिडी लावून चढायची, मऊ फडक्याने एकेक काच पुसायची, करकोच्यांची वाळलेली घाण भिजवून भिजवून काढायची. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईच्या सावलीने टोमॅटो नासतात, तिचे हात त्याच टोमॅटोच्या डोक्यावर आठवड्यातून दोनदा फिरत होते आणि कोणाच्या पोटात दुखत नव्हतं. का, तर छपराला उंबरा नसतो. फुकटच्या कामाला विटाळ लागत नाही, ही तर जगाची रीत.

त्या शनिवारी आवुर शिडीपाशी गेली. वर पाहिलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि घरी परतली. चहा केला. दूध जास्त घातलं. मंगळवारी गेली नाही. पुढच्या शनिवारी गेली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वर कधी कोणी पाहिलंच नव्हतं. थंडावा भिंतीतून येतो अशीच बहुतेकांची समजूत होती.

पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं. रस्त्यावर धुरळा उडाला की ती मनात म्हणायची, काचांवर बस, अजून बस. पेरेझने पाणवठ्यावर तिच्याकडे पाठ फिरवली की तिला बरंच वाटायचं. एक दिवस पिलिस्ता कुंपणाबाहेरून हळूच म्हणाली की तुझं वाईट वाटतं गं, पण मी एकटी काय करणार. आवुर म्हणाली, बरोबर आहे, तू काय करणार. तेव्हा एकदा जीभ वळवळली होती, सांगून टाकावं म्हणून. पिलिस्ताला चार पोरं होती. पण वाकलेली पिलिस्ता तशीच सरळ झाली होती ते तिला आठवलं आणि तिने तोंड मिटलं. सूड निवडून घेता येत नाही. ज्यांनी केलं त्यांच्याबरोबर ज्यांनी बघितलं तेही भरडले जातात.

तिसऱ्या आठवड्यात सरोवरावरून चिलटांचे लोट उठले. दोन दिवस आभाळ काळं, तिसऱ्या दिवशी छपरावर मेलेल्या चिलटांचा थर, त्यावर धुरळा, त्यावर चिलटं खायला उतरलेल्या करकोच्यांची घाण. गुरुवारी सकाळी ओगुतूने दार उघडलं आणि आतून ऊबट वाफ त्याच्या तोंडावर आली. दाराजवळ तापमानाचा आकडा सव्वीस. दुपारपर्यंत तोही विझला. यंत्राने आवाज बंद केला. आत ऐंशी कॅरेटं, आणि गाडी दुसऱ्या दिवशी.

ओगुतूने यंत्राच्या डब्यातली बटणं खालीवर करून पाहिली, दोन थापा मारल्या, शिव्या दिल्या. मग झाडाखाली सभा भरवली. बिघाडाचं कारण त्याच्याजवळ तयारच होतं. सगळं मंडळ आवुरच्या कुंपणाशी येऊन उभं राहिलं तेव्हा ती अंगणात उगाली आणि सुके मासे खात होती. ती उठली नाही. ताट संपवलं, बोटं चाटली, हात धुतले.

ओगुतू म्हणाला, गावाचं पीक जातंय, आता हट्ट पुरे. आज सूर्य मावळायच्या आत हा विटाळ फिटला पाहिजे, आपली तयारी आहे. 'तयारी आहे' असं तो उपकार केल्यासारखं म्हणाला.

"मी तुमच्या खोलीत पाऊल टाकलं का?" आवुरने विचारलं. "माझा एक टोमॅटो आत गेला का?"

ती कुंपणापर्यंत चालत आली.

"मग शाप आणला कोणी? तीन आठवडे मी छपरावरही चढले नाही. तुम्हाला मी लांब हवी होते, मी लांब झाले. आता शिडी लावा आणि बघा, मी लांब झाल्यावर वर काय साठलंय ते."

दोन तरुण चढले आणि वरून नुसते ओरडतच राहिले. मग आवुरने शांतपणे सांगितलं. हे तिने जाणूनबुजून केलं होतं. पॅनेल तुम्ही धुवाल, पण बॅटरी पार बसली आहे. यंत्र कोणत्या क्रमाने सुरू करायचं ते इथे तिला एकटीला माहीत आहे. आणि तो डबा आहे खोलीच्या आत.

पेरेझ किंचाळली की ही बाई नव्हे, साप आहे. आवुर म्हणाली, असेन, पण डिवचलं कोणी? पिलिस्ता खाली बसून रडायला लागली. म्हातारे ओलांग पहिल्यांदाच पुढे आले आणि म्हणाले, बाई, काय हवं ते सांग, ऊन कलतंय.

"मी आत यायला तयार आहे," ती म्हणाली. "पण खोली हे घर असेल, तर आधी घरं. माझं सोडून दहाच्या दहा. प्रत्येक घरात मी उंबरा ओलांडून जाणार, बसणार, त्या घरच्या माठातलं पाणी पिणार. कोणाला शाप लागायचा तो एकदाच सगळ्यांना लागू दे. मग खोली. आणि माझ्या अंगाला कोणी हात लावणार नाही, आज नाही, कधीच नाही."

ओगुतू म्हणाला, मरू दे ते टोमॅटो. पण ते त्याला परवडणारं होतं. बाकी नऊ घरांना नव्हतं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि अखेर ओलांगनी टोपी काढून आपल्या घराची वाट दाखवली.

तिने घाई केली नाही. खोलीत टोमॅटो मऊ पडत होते आणि ती एकेका घरात बसून घोट घोट पाणी पीत होती. बाहेर लोक उन्हात उभे होते. उभे राहू देत, ती मनात म्हणाली, माझी कॅरेटं तीन दिवस उभी होती. ओलांगच्या घरी सुना भिंतीला चिकटून बसल्या. पिलिस्ताच्या घरी पोरं हसली, त्यांना शापबिप काही कळत नव्हतं. पिलिस्ताने दोन्ही हातांनी पेला पुढे केला. आवुरने तिच्याकडे न बघता तो पेला सावकाश रिकामा केला आणि ती उठली.

शेवटचं घर दिराचं. ओगुतू बाहेरच तोंड फिरवून उभा राहिला. आवुर सरळ आत गेली आणि त्याच्या खुर्चीत बसली. इथे काय काय बोलायचं ते तिने तीन आठवडे घोळवून ठेवलं होतं. पेरेझने पाणी आणलं. पेला पुढे केला, पण सोडला नाही.

"जाऊबाई," ती इतकं हळू म्हणाली की बाहेर जाऊ नये, "ह्यांना उद्या काही झालं, तर ह्यांचा धाकटा भाऊ ओन्यान्गो आहे ना... तो मला मागेल." ती थांबली. "मी तेव्हा कोणाच्या दारात जाऊ?"

आवुर तिच्याकडे पाहत राहिली. हीच ती खोलीच्या दारात हसणारी. ठरवलेलं सगळं आवुरच्या ओठांवर होतं आणि ते बोलायचा हक्कही होता. तिने पेला हातात घेतला, पाणी संपवलं, पेला खाली ठेवला, आणि बाहेर ओगुतूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"उठ. माझ्याबरोबर खोलीत चल. यंत्र कसं सुरू करतात ते तुला दाखवते. हा मेल्यावर तुला बाहेर ठेवायला निघतील, तेव्हा हे तुला येत असलं पाहिजे."

पेरेझने एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि ती आवुरच्या पुढे चालू लागली.